आधी पाय बघा, मग फटका



मागच्या रविवारी बीडच्या बॅचमध्ये मी बांबूची काठी घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आज आपण गोल्फ शिकू." सगळे हसले. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "सर, इथं गुरांना हिरवं मिळंना, अन् तुम्ही बॉल ठेवायला हिरवळ कुठून आणणार?"

खरं आहे. गोल्फ हा काही आपल्या जिल्ह्याचा खेळ नाही, आणि मी स्वतःही गोल्फ खेळणारा माणूस नाही. पुण्याला एका मित्राबरोबर सरावाच्या मैदानावर तीन-चार वेळा गेलो, एवढीच माझी पुंजी. तिथं पैसे भरून बॉलची बादली मिळते आणि तुम्ही एका जागी उभं राहून एकेक बॉल मारत राहायचं. पहिल्या दिवशी माझी अर्धी बादली जमिनीवरून सरपटत गेली. दोनदा तर काठी बॉलच्या मागच्या मातीत रुतली. मला वाटलं, जोर कमी पडतोय. म्हणून अजून जोर लावला. मग अजून वाईट.

तिथल्या शिकवणाऱ्या माणसाने शेवटी मला थांबवलं आणि विचारलं, "तुम्ही कुठं मारताय?"

मी म्हणालो, "तो समोरचा झेंडा."

तो म्हणाला, "हलू नका." त्याने एक काठी आणली, माझ्या दोन्ही बुटांच्या टोकांना टेकवून जमिनीवर ठेवली, आणि मला म्हणाला, "आता मागं या आणि बघा."

मी मागे जाऊन पाहिलं. काठीचं तोंड झेंड्याकडे नव्हतंच. झेंड्याच्या बरंच उजवीकडे एक झाड होतं, काठी त्या झाडाकडे दाखवत होती. मला कुणी शपथेवर विचारलं असतं तरी मी झेंडाच म्हणालो असतो. माझे डोळे झेंड्यावर होते, मन झेंड्यावर होतं, पाय मात्र झाडाकडे तोंड करून उभे होते. आणि हात बिचारे दर फटक्याला ते वाकडेपण भरून काढायला धडपडत होते. चूक पायाची, शिक्षा हाताला.

त्यानंतर पाऊण तास त्याने मला फटका मारूच दिला नाही. नुसतं उभं केलं. मी पैसे बॉलचे भरलेले, त्यामुळे थोडा रागही आला. पण त्या पाऊण तासात जे कळलं ते मला वीस वर्षांपूर्वी धारूरकडच्या एका गावात कळलं असतं, तर आईची पाटली गहाण पडली नसती. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी उभं राहायचं कसं ते बघू.

उभं राहायचं कसं

घरात झाडू, काठी, छत्री, काहीही घ्या. खाली एक लिंबू ठेवा. (बॉल ठेवू नका, काच फुटेल आणि माझं नाव येईल.) आपण उजव्या हाताने खेळणाऱ्याचं बोलतोय, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्यावं.

पाय खांद्याइतके फाकवा. लहान काठीने जवळचा फटका असेल तर थोडे जवळ, सगळ्यात लांब काठीने, म्हणजे ड्रायव्हरने मारायचं असेल तर खांद्यापेक्षा थोडे जास्त. का? कारण जितकं अंग जास्त फिरणार तितका पाया रुंद लागतो. पण फार फाकवले तर कंबर फिरतच नाही. भक्कम उभं राहण्याच्या नादात माणूस खांबासारखा होतो, आणि खांब फटका मारू शकत नाही.

आता वाकायचं. इथं दहातले आठजण चुकतात, मीही चुकलो. आपण पाठीतून वाकतो, म्हणजे पाठीचं धनुष्य होतं आणि मान खाली लोंबते. वाकायचं असतं खुब्यातून. मांडी आणि धड जिथं जोडलंय तिथून, जणू दरवाजा बिजागरीवर फिरतोय. पाठ सरळच राहते, नुसती पुढे कलते. हे कळत नसेल तर काठी पाठीवर उभी धरा, डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकेल अशी. आता वाका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकलात. डोक्यापासून किंवा खालून सुटली तर पाठीतून वाकलात. दिवसभर गिरणीवर पोती उचलणाऱ्यांनी, भट्टीसमोर वाकून काम करणाऱ्यांनी हा प्रयोग गोल्फसाठी नाही तर स्वतःच्या कमरेसाठी करून बघावा.

गुडघे किंचित सैल. खुर्चीत बसल्यासारखे नाहीत, नुसते ताठपणा सोडलेले. हात खांद्यांपासून सरळ खाली लोंबू द्या, आणि जिथं लोंबतात तिथं काठी धरा. पुढे ताणून धरू नका. काठीची मूठ आणि मांडी यांच्यात साधारण वीतभर किंवा त्याहून थोडी कमी जागा राहील. पकड सैल, काठी निसटणार नाही एवढीच. मूठ आवळली की मनगट, कोपर, खांदा सगळं आवळलं जातं.

वजन कुठं आहे? टाचेवर असेल तर कुणी छातीला बोट लावलं तरी मागे पडाल. चवड्यांच्या टोकावर असेल तर पुढे. ते असावं पावलाच्या मध्यापासून चवड्याच्या गादीपर्यंत, आणि दोन्ही पायांवर जवळपास सारखं. ड्रायव्हरच्या वेळी उजव्या पायावर थोडं जास्त चालतं.

बॉल कुठं हवा, हेही ठरलेलं आहे. लहान काठीला दोन पायांच्या मधोमध, काठी लांब होत जाईल तसा डाव्या पायाकडे, आणि ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. कारण लहान काठीने बॉलला उतरत्या हाताने मारायचं असतं, ड्रायव्हरने काठी वर चढायला लागताना. फटका तोच वाटतो, पण बॉल चार बोटं इकडेतिकडे झाला की निकाल वेगळा.

आणि शेवटी दिशा. गोल्फ शिकवणारे इथं रेल्वे रुळांचं उदाहरण देतात. आपल्या बीड शहरात रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला आली, त्यामुळे आता आपल्यालाही हे उदाहरण द्यायला हरकत नाही. पलीकडच्या रुळावर बॉल आहे आणि तो रूळ झेंड्याकडे जातो. अलीकडच्या रुळावर तुमचे पाय. म्हणजे पाय झेंड्याकडे नाहीत, झेंड्याच्या किंचित डावीकडे, समांतर. गंमत अशी की पायांची रेघ थेट झेंड्यावर नेली तर काठीचं तोंड उजवीकडे जातं. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी बॉलच्या मागे उभं राहून लक्ष्य बघायचं, मग काठीचं तोंड लावायचं, मग त्याला धरून पाय. उलटं केलं, म्हणजे आधी ऐटीत उभं राहिलं आणि मग दिशा शोधली, की संपलं.

जॅक निकलॉस नावाचा एक अमेरिकन खेळाडू आहे, गोल्फच्या सगळ्यात मोठ्या ज्या स्पर्धा असतात, ज्यांना मेजर म्हणतात, त्या १८ वेळा जिंकलेला. तो लांबच्या झेंड्यावर भिस्त ठेवत नसे. बॉलच्या मागे उभा राहून झेंड्याच्या रेषेत, बॉलपासून अगदी थोड्या अंतरावर एखादं गवताचं पान किंवा खूण हेरायचा आणि काठीचं तोंड त्या खुणेला लावायचा. दोनशे मीटरवरच्या झेंड्याला सरळ उभं राहणं अवघड, हाताच्या अंतरावरच्या पानाला सोपं. हाच माणूस दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला आपल्या लहानपणच्या शिक्षकाकडे, जॅक ग्राउट यांच्याकडे जायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा: पकड, पाय, वाकणं. जग जिंकून झाल्यावर. मला सुरुवातीला हा नम्रपणा वाटला. आता वाटतं, तो हिशोब होता. स्वतःचा फटका कुठं गेला ते दिसतं, पण स्वतःचे पाय कुठं बघताहेत ते आपल्याला दिसत नाही. ते बाहेरूनच कुणीतरी बघावं लागतं.

बॉल थांबलेला असतो

गोल्फमध्ये एक गोष्ट फार निर्दयी आहे. बॉल कुणी टाकत नाही. तो जागेवर पडलेला असतो, तुमची वाट बघत. क्रिकेटमध्ये बाद झालं तर बॉलरला श्रेय देता येतं, पिचला शिव्या देता येतात. इथं सुरुवात तुम्हीच करायची असते.

धंदा सुरू करण्याआधीचे दिवस अगदी असेच असतात. गाळा अजून घेतलेला नाही. मशीनचं कोटेशन आलंय, चेक दिलेला नाही. कुणीही तुम्हाला घाई करत नाही, घाई फक्त तुमच्या डोक्यात असते. एकदा शटर वर गेलं की बॉल पळायला लागतो: भाडं, हप्ता, उधारी, परत आलेला माल. तेव्हा पाय बघायला वेळ मिळत नाही.

इथं मी गोल्फच्या प्रत्येक गोष्टीला धंद्यातली एकेक गोष्ट जोडत बसणार नाही. पकड म्हणजे भांडवल, गुडघा म्हणजे मार्केटिंग, असं ओढूनताणून करणारे व्हिडिओ खूप आहेत. मला एवढंच म्हणायचंय की दिशेचा आणि उभं राहण्याचा भाग पूर्ण आपल्या हातात असतो, आणि तरी आपण तोच सोडून जोरावर जातो.

पाटोदा आणि लाल माती

आता आपल्या मातीत येऊ. गोल्फवाले ज्याला ॲड्रेस म्हणतात, त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: पवित्रा. तालमीत पोरगं पहिल्या दिवशी गेलं की वस्ताद त्याला डाव शिकवत नाही. ढाक नाही, कलाजंग नाही, पट नाही. पाय कसा ठेवायचा, कंबर किती खाली, कोपर बरगडीला कसं लावायचं, हे आधी. एक पाय पुढे, गुडघे मोडलेले, वजन चवड्यावर, मान वर. मान खाली गेली की समोरचा तीच दाबतो. कोपर बाहेर गेलं की काखेतून हात घालतो.

पाटोद्याचा राहुल आवारे तुम्हाला माहीत आहेच. घरात कुस्ती, वडीलही पैलवान. पुढे पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार वस्तादांकडे, नंतर काका पवारांकडे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ ने हरवून सुवर्ण घेतलं, आणि २०१९ ला नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. ज्या तालुक्यातून पोरं पुण्याला नोकरी शोधायला जातात, त्या तालुक्यातलं पोरगं जगात तिसरं आलं.

मला त्यातली एक गोष्ट धंद्यासाठी फार मोलाची वाटते. मातीवरची कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यांत उभं राहणं वेगळं आहे. मातीत खडाखडी लांब चालते, चितपट झाल्याशिवाय निकाल नाही, म्हणून मातीतला पैलवान जरा उभट राहिला तरी निभतं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक पकडीला गुण. तिथं उभट राहिलात की समोरचा खाली शिरून पट काढतो आणि दोन गुण गेले. ताकद तीच, डाव तेच, माणूस तोच. पण खालची जमीन बदलली म्हणून कंबर चार बोटं खाली न्यावी लागते. मातीतल्या किती चांगल्या पैलवानांना ही चार बोटं जमली नाहीत! सवय अंगात इतकी मुरलेली असते की आपण उभट उभे आहोत हे त्यांना जाणवतच नाही. बाहेरून वस्ताद ओरडत असतो, "खाली बस, खाली!" आणि त्याला वाटतं, मी तर खालीच आहे.

कुणाचा धंदा बीडमध्ये चालला म्हणून त्याने तसंच दुकान पुण्यात टाकलं, किंवा उलटं, पुण्यात बघितलेला कॅफे गेवराईत आणला, की मला हा पैलवान आठवतो.

दुसरं उदाहरण ताजं आहे. ६ फेब्रुवारी २०२४, दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. जिंकायला २४५ हवेत आणि भारत ४ बाद ३२. तिथं आपल्या बीडचा सचिन धस कर्णधार उदय सहारनबरोबर उभा राहिला, दोघांनी १७१ जोडल्या, सचिनने ९६ केल्या आणि सामना दोन गड्यांनी निघाला. शतक चार धावांनी हुकलं म्हणून त्या रात्री बीडमध्ये हळहळ आणि फटाके दोन्ही एकदम चालू होते. पोराचं नाव वडिलांनी तेंडुलकरवरून ठेवलेलं. आणि बीडला त्याचा सराव अर्ध्या टर्फ विकेटवर झाला, हे त्या वेळी बातम्यांतून सगळ्यांनी वाचलं.

अर्ध्या पिचवर सगळं शिकता येत नाही. पण उभं राहणं शिकता येतं. डोकं स्थिर, डोळे समांतर, गुडघे सैल, पाय खांद्याइतके; याला पूर्ण पिच लागत नाही, स्टेडियम तर नाहीच. "सर, आपल्याकडं सोय नाही" हे मी दर बॅचला ऐकतो. जे सोयीशिवाय जमतं ते तरी झालंय का, एवढंच मी विचारतो.

माझं दुकान

आता गहाण पडलेल्या पाटलीची गोष्ट.

माझी आई अकरा हंगाम ऊसतोडीला गेलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाच्या वहीत तसंच नाव लागतं. बीड जिल्ह्यात गोल्फची काठी नाही, पण सगळ्यात जास्त वेळा फिरलेलं हत्यार म्हणाल तर कोयता. आई सांगायची, नवी सून फडात आली की आधी तिला उभं राहायला शिकवावं लागतं. एक पाय पुढं, डाव्या हाताने ऊस धरायचा, आणि घाव जमिनीलगत. साखर बुडख्यात जास्त असते, वर तोडलं तर कारखान्याची माणसं कुरकुरतात. नवखी बाई जोर लावून वरून घाव घालते आणि दुपारपर्यंत कंबर धरून बसते. जुनी बाई दिवसभर त्याच लयीत चालते.

तर मी पदवी घेऊन घरी बसलेलो, आणि ठरवलं की चप्पल-कटलरीचं दुकान टाकायचं. जागा बघितली आमच्या शेजारच्या बाजाराच्या गावात. दसऱ्याच्या आधीपासून तीन आठवडे मी त्या चौकात बसायचो. काय गर्दी! बायका पोरांना घेऊन यायच्या, चपला, बादल्या, पेट्या, स्वेटर. रोख पैसे. मी वहीत लिहून ठेवलं, रोज इतके गिऱ्हाईक, म्हणजे महिन्याला इतके, म्हणजे वर्षाला इतके. त्या काळचे एक लाख चाळीस हजार रुपये घातले. त्यातले चाळीस हजार आईच्या पाटल्यांचे.

आईने एकदाच विचारलं. मी माल लावत होतो, ती उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "समदे कारखान्याला निघालेत. तू आता कुणाला इकायलास रं?"

मी हसलो. तिला म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळतं.

मित्रांनो, मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच घरात वाढलो. दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात, काही दिवाळी करून निघतात, पार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आसपास परततात. ही गर्दी म्हणजे मुकादमाकडून उचल घेतलेली माणसं जायच्या आधी सामान भरत होती. चपला फडात लागणार होत्या, स्वेटर खोपीत लागणार होते. हे मला लहानपणापासून तोंडपाठ. पण मी गर्दी बघितली, आणि माझे पाय त्या गर्दीकडे तोंड करून उभे राहिले.

कार्तिक संपता संपता ट्रक आणि ट्रॅक्टर निघाले. गावात म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि कुत्री राहिली. पौषात एक दिवस माझी विक्री एक रबरी चप्पल आणि दोन कंगवे एवढी होती. मी काय केलं? जोर लावला. सेल लावला, पाटी मोठी केली, उधारी सुरू केली. होळीला शटर पाडलं ते परत वर गेलं नाही. पाटल्यांपैकी एक सुटली, दुसरी नाही. आई त्याबद्दल कधी काही बोलली नाही, आणि ते जास्त जड जातं.

तेच दुकान पाडव्याला उघडलं असतं तर? माणसं परत येतात, लग्नसराई असते. मग जूनला पैसा बी-बियाण्यात जातो, सोयाबीन-कापूस निघाला की परत थोडा येतो. चाललं असतंच असं मी म्हणत नाही. पण निदान तोंड बरोबर दिशेला असतं.

काठी म्हणजे वही

आता बॅचमध्ये कुणी धंद्याची कल्पना घेऊन आलं की मी काठी मागतो. म्हणजे वही. पण ती मोजणी माझ्यासारखी तीन आठवड्यांची आणि एकाच हंगामाची नको. बाजाराचा दिवस आणि बिनबाजाराचा दिवस, दोन्ही. सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही. आणि ज्या महिन्यात तुम्ही तिथं बसलेले नव्हता त्या महिन्याबद्दल तिथल्या किमान पाच जुन्या दुकानदारांना विचारायचं, "पौषात तुमचा गल्ला किती असतो?" खरा आकडा सांगणार नाहीत, पण चेहरा सांगतो. मग ती वही दुसऱ्याला दाखवायची. मित्राला नको, तो वा वा करेल. घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला तुम्ही म्हणता, तुला काय कळतं.

केज तालुक्यातल्या एक ताई दोन वर्षांपूर्वी शेवया-पापडाच्या मशीनसाठी आल्या होत्या. पहिला प्रश्न, "सबसिडी किती बसंल?" जवळजवळ सगळ्यांचा हाच पहिला प्रश्न असतो. मी सांगितलं: पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के, स्वतःचे ५ टक्के घालायचे. (नियम बदलत असतात, अर्ज करण्याआधी चालू परिपत्रक बघा.) पण ती रक्कम पहिल्या दिवशी हातात पडत नाही. बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं अडकवून ठेवतात, आणि धंदा चालू आहे हे बघून मग कर्जात वळती होते. म्हणजे तीन वर्षं उभं राहता आलं पाहिजे. ताईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या घरी गेल्या आणि वही सुरू केली. गावातल्या आणि माहेरच्या ओळखीच्या चाळीसेक घरांत विचारत फिरल्या: गेल्या वर्षी शेवया कधी केल्या, कुठं केल्या, किलोला काय दिलं. पाच आठवड्यांनी वही घेऊन आल्या. वाळवणाचं काम माघापासून वैशाखापर्यंत, बाकी आठ महिने जवळपास शून्य. आणि दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच खाली लाल शाईने लिहिली होती: ऊसतोडीला जाणारी घरं उन्हाळ्यात परततात तेव्हा त्यांना वाळवण करायला वेळच नसतो, ती तयार शेवया विकत घेतात. मला हे सुचलं नसतं. त्या मशीन लावून दळून देण्याचा धंदा करायला निघाल्या होत्या, आणि गिऱ्हाईक तयार पाकीट मागत होतं. मशीन तेच, पण बॉल डाव्या टाचेकडे सरकला.

पहिल्या हंगामाला त्यांनी कर्ज घेतलंच नाही. एका बचत गटाचं जुनं मशीन चार महिन्यांसाठी भाड्याने घेतलं, पाकिटं केली आणि पाडव्याच्या बाजारात बसल्या. किती उरले ते त्यांचं त्यांना माहीत. मला एवढंच सांगितलं की भाडं निघालं आणि पोराची फी निघाली. यंदा स्वतःचं मशीन घ्यायचं की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे. नवरा म्हणतो घे, सासू म्हणते अजून एक उन्हाळा बघ. मी सासूबाईंच्या बाजूने आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही.

एक लहानशी गोष्ट राहिली. दिवसभर काउंटरमागे उभं राहणाऱ्यांनी पायाखाली एक वीट किंवा लाकडी पाट ठेवावा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकवावा. कंबरेला आराम पडतो. गुडघे ताठ लॉक करून उभं राहू नका. हे पुण्याच्या त्या गोल्फवाल्याने फुकट सांगितलं, बॉलचे पैसे वेगळे घेतले.

येत्या रविवारी बॅचला येताना प्रत्येकाने एक काठी आणि आपली वही आणायची. ताईंनी त्यांच्या वहीची पानं व्हिडिओत दाखवायला परवानगी दिली आहे, गिऱ्हाइकांची नावं झाकून. पुढच्या भागात ती पानं एकेक करून बघू. तोपर्यंत घरातला झाडू घेऊन लिंबासमोर उभे राहा, समोर एखादी खूण ठरवा, आणि कुणाला तरी मागून मोबाईलवर फोटो काढायला सांगा. फोटो बघण्याआधी कागदावर लिहून ठेवा, आपले पाय कुठं बघताहेत असं आपल्याला वाटतंय ते.